मधूनच बाहेर पडू न देणारा माणूस : एड्सगर डाइक्स्ट्रा

वाङ्मय मंडळाच्या अंकात संतांची, लेखकांची, समाजसुधारकांची चरित्रं येतात. त्यात एका डच प्रोग्रामरचं काय काम, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण या माणसाची हयात ज्या प्रश्नाच्या मागे गेली, तो प्रश्न मला तरी आधी भाषेचा वाटतो आणि मग कॉम्प्युटरचा. समोर लिहिलेलं वाचताना, वाचणाऱ्याला आपण नेमके कुठे पोचलोय हे कळतं की नाही?

आधी एक घरगुती उदाहरण घेऊ. निकालाची यादी बोर्डावर लागली आहे. तुम्ही वरून एकेक नाव वाचत खाली येता. आपलं नाव सापडलं की पुढची नावं कुणी वाचत बसत नाही, तिथूनच मागे फिरतो. कॉम्प्युटरच्या भाषेत एकेक नाव बघत जाणं म्हणजे लूप, आणि नाव सापडताच निघणं म्हणजे लूपमधून मधूनच बाहेर पडणं. आता बघा, बोर्डापासून माणसं दोन कारणांनी परततात. नाव सापडलं म्हणून, किंवा यादी संपली म्हणून. तुमच्या चेहऱ्यावरून आईला ते लगेच कळतं. कॉम्प्युटरला चेहरा नाही. लूपच्या बाहेर आल्यावर आपण कोणत्या कारणानं बाहेर आलो हे प्रोग्राममध्ये कुठेतरी लिहिलेलं नसेल, तर पुढचं सगळं काम अंदाजपंचे.

मी हे स्वतः भोगलंय. लिनक्सच्या शेलमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. एका फाइलमधल्या ओळी पाइपमधून एकेक करून लूपला द्यायच्या, चुकीची ओळ दिसली की ‘एग्झिट’, आणि सगळं ठीक असेल तरच शेवटी जुनी फाइल पुसायची. चुकीची ओळ आली, एग्झिट झालं, आणि तरीही फाइल पुसली गेली! कारण पाइपच्या पुढचा लूप शेल एका वेगळ्या पोटशेलमध्ये चालवतं. माझं एग्झिट त्या पोटशेलमधून बाहेर पडलं, मूळ स्क्रिप्ट आपली पुढे चालतच राहिली. घराबाहेर पडलो असं समजून मी फक्त खोलीबाहेर आलो होतो. चूक माझीच. सरांनी फाइल परत मिळवून दिली नाही, पण एक नाव दिलं : डाइक्स्ट्रा वाच.

एड्सगर वीबे डाइक्स्ट्रा यांचा जन्म 11 मे 1930 रोजी हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ आणि शाळेत शिक्षक, आई गणितज्ञ. आईनं नोकरी कधी केली नाही, पण घरात गणित होतं ते तिच्यामुळे. एड्सगर दहा वर्षांचे असताना जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला आणि पुढची पाच वर्षं देश परक्यांच्या ताब्यात गेली. युद्ध संपल्यावर या मुलाला कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाची बाजू मांडायची होती. विज्ञानातले मार्क फारच चांगले पडले म्हणून घरच्यांनी आणि शिक्षकांनी तिकडे वळवलं, आणि ते लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला गेले. वकिली मात्र त्यांच्या स्वभावातून काही गेली नाही. पुढे जन्मभर ते कुणाची ना कुणाची उलटतपासणी घेतच राहिले.

1951 च्या सप्टेंबरात वडिलांनी त्यांना इंग्लंडमध्ये केंब्रिजला तीन आठवड्यांच्या एका वर्गासाठी पाठवलं. तिथे मॉरिस विल्क्स यांचं एड्सॅक नावाचं यंत्र होतं आणि त्यावर प्रोग्राम लिहायला शिकवत होते. परत आल्यावर, मार्च 1952 पासून, अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात एड्रियान व्हॅन वाइनगार्डन यांच्या हाताखाली ते प्रोग्रामर म्हणून लागले. तिथे तेव्हा यंत्रं हातानं बांधली जात होती. बांधणारे सहकारी वेगळे, डाइक्स्ट्रा यंत्र अजून तयार व्हायच्या आतच कागदावर त्याचे प्रोग्राम लिहून ठेवत. चालवून बघायची सोयच नव्हती. तेव्हा लिहिलेलं बरोबर आहे हे नुसत्या विचारानं पटवून घ्यावं लागे. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या सगळ्या हट्टाचं मूळ इथे आहे. आपण आधी चालवतो, मग बघतो. ते आधी बघायला शिकले.

काही वर्षं भौतिकशास्त्र आणि प्रोग्रामिंग अशी दोन दगडांवरची कसरत चालली. प्रोग्रामिंग हा तेव्हा कुणी धंदा मानत नव्हतं, त्याला शास्त्राची प्रतिष्ठा नव्हती, आणि डाइक्स्ट्रांना त्याची लाज वाटायची. शेवटी ते व्हॅन वाइनगार्डन यांच्याकडे मन मोकळं करायला गेले. गुरूंनी ऐकून घेतलं आणि सुचवलं की ही यंत्रं आता जाणार नाहीत, आणि या कामाला मान मिळवून देणारा माणूस तूच का असू नयेस. त्या खोलीतून बाहेर पडताना त्यांचा निर्णय झाला होता. 1957 साली मारिया देबेट्स हिच्याशी लग्न करताना नोंदणीच्या अर्जात त्यांनी व्यवसाय म्हणून प्रोग्रामर लिहिलं, तर नगरपालिकेनं असा व्यवसायच नसतो म्हणून ते नाकारलं. मग सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहून लग्न लागलं.

ज्या कामासाठी त्यांचं नाव आज प्रत्येक बी.सी.ए.वाल्याला पाठ आहे, ते लग्नाच्या आदल्या वर्षीचं. होणाऱ्या बायकोबरोबर अ‍ॅम्स्टरडॅममध्ये खरेदी करून दमल्यावर दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसले. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याची सगळ्यात जवळची वाट कशी शोधायची, हे त्यांनी तिथे वीसेक मिनिटांत मनातल्या मनात जुळवलं, कागद-पेन्सिल नसताना. 1959 साली ते छापलं गेलं. नकाशाचं कुठलंही अ‍ॅप शिकवताना हीच पद्धत आधी सांगतात. पण आपल्या विषयासाठी त्यातली एक बारीक गोष्ट बघा. ही पद्धत सगळ्या गावांपर्यंतच्या वाटा शोधत बसत नाही. जिथे जायचंय ते गाव ‘वाट पक्की झालेल्या’ गावांत आलं की काम थांबतं. म्हणजे लवकर थांबणं डाइक्स्ट्रांना मुळीच नामंजूर नव्हतं. फक्त ते थांबणं त्यांनी लूपच्या अटीतच लिहून टाकलं होतं : अमुक गाव येईपर्यंत हे कर. लूप संपला याचा अर्थच ते गाव आलं. यादी बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते इथे वाक्यात आहे.

1960 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आणि याप झोनेव्हेल्ड यांनी अल्गोल 60 या भाषेचा कंपायलर एक्स-1 या यंत्रावर चालवून दाखवला. काम पुरं होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. झोनेव्हेल्ड यांनी नंतर दाढी उतरवली, डाइक्स्ट्रांनी ठेवली. 1962 मध्ये ते आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे मोजक्या माणसांना घेऊन त्यांनी एक ऑपरेटिंग सिस्टिम बांधली, ती थरांवर थर रचून, प्रत्येक थर खालच्या थराच्या भरवशावर. एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नयेत म्हणून सेमाफोर ही युक्ती त्यांचीच.

आणि मग मार्च 1968. अमेरिकेतल्या एका नामांकित संगणक मासिकात त्यांचं छोटं पत्र छापून आलं. लेख म्हणून पाठवलं होतं, संपादक निक्लाउस व्हिर्ट यांनी लवकर छापता यावं म्हणून पत्र केलं आणि मथळाही बदलला. ‘गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल’ हा पुढे म्हणीसारखा झालेला मथळा डाइक्स्ट्रांचा नाहीच. ‘गो टू’ म्हणजे प्रोग्राममध्ये कुठूनही कुठेही उडी मारायची आज्ञा. त्या काळी सगळे सर्रास वापरत. डाइक्स्ट्रांचं म्हणणं साधं होतं. चालू असलेला प्रोग्राम मध्येच थांबवला, तर तो कुठवर आलाय हे सांगता आलं पाहिजे. सरळ वाक्यांची रांग असेल तर ओळीवर बोट ठेवून सांगता येतं. लूप असेल तर ओळ आणि कितवा फेरा, एवढं सांगितलं की पुरे. पण जिथून तिथून उड्या असतील तर कशाच्या आधारे सांगणार? माणसाची बुद्धी स्थिर चित्र बघायला तयार असते, काळात पसरत जाणारी गोष्ट डोळ्यांसमोर आणायला ती कमी पडते. म्हणून कागदावरचं लिखाण आणि प्रत्यक्ष घडणारी गोष्ट यांत जितकं कमी अंतर, तितकं बरं.

लोक इथेच वाचन थांबवतात. पत्रात पुढेही काही आहे. गो टू फक्त धोक्याच्या वेळी बाहेर पडायला वापरावं अशी शिफारस आपण कुठेतरी वाचली होती, बहुधा टोनी होर यांची, असं ते नमूद करतात. आणि काम मध्येच सोडण्यासाठी नव्या रचना कुणी सुचवल्या तरी चालतील, फक्त कुठवर आलो हे सांगण्याची ती सोय टिकली पाहिजे, अशी अट घालतात. म्हणजे दार त्यांनी लावलं नव्हतं, फक्त त्यावर कडी कशी असावी ते सांगितलं. पुढे वर्गावर्गांतून जो नियम घोकला गेला, की लूपला आत यायची वाट एक आणि बाहेर जायची वाटही एकच, मधूनच निघालात की मार्क कापले, तो त्या पत्रात तसा सापडत नाही. 1973 मध्ये डोनल्ड क्नूथ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच काळजी व्यक्त केली होती की लोक याचा धर्म करून टाकतायत, आणि आपण तितके कर्मठ नाही. क्नूथ यांनी त्यानंतर एक दीर्घ लेख लिहून गो टू कुठे शोभतं तेही दाखवलं. त्यांची उदाहरणं यादीत काहीतरी शोधायची, म्हणजे आपल्या निकालाच्या बोर्डाचीच होती.

त्या पत्राच्या सुमाराचे दिवस मात्र डाइक्स्ट्रांसाठी वाईट होते. ऑपरेटिंग सिस्टिमचं काम संपलं, विभागात त्या गटाला किंमत उरली नाही, गट मोडला. ते खोल नैराश्यात गेले, उपचार घ्यावे लागले. त्यातून वर येण्यासाठी ते रोज थोडं थोडं लिहू लागले, आणि ते लिखाण म्हणजेच रचनाबद्ध प्रोग्रामिंगवरची त्यांची प्रसिद्ध टिपणं. 1972 मध्ये डाल आणि होर यांच्याबरोबरच्या पुस्तकात ती आली, त्याच वर्षी ट्युरिंग पुरस्कारही मिळाला. ‘प्रोग्राम बरोबर आहे हे चालवून नव्हे, समजून ठरवा’ हा आग्रह वाचताना तो कुणा निवांत प्राध्यापकाचा नाही हे मला आठवत राहतं. तो माणूस तेव्हा स्वतःच, आपण कुठवर आलो हे चाचपडत होता.

1975 मध्ये त्यांनी स्वतःची छोटीशी कागदी भाषा मांडली. तिच्यात लूपला ‘डू’नं सुरुवात आणि ‘ओडी’नं शेवट, म्हणजे सुरुवातीचाच शब्द उलटा लिहून कंस मिटायचा. तसंच ‘इफ’ला ‘एफआय’. आत काही अटी आणि प्रत्येक अटीपुढे एक काम. कुठलीही खरी अट निवडून तिचं काम करायचं, आणि एकही अट खरी उरली नाही की लूप संपला. मधून निघायला ब्रेक नाही, एग्झिट नाही. आता दार लावलं होतं, निदान स्वतःच्या घराचं तरी. त्याच्या बदल्यात एक ठाम गोष्ट हाती येते. लूपनंतरच्या ओळीवर उभं राहून तुम्ही शपथेवर सांगू शकता की वरच्या सगळ्या अटी खोट्या ठरल्या आहेत. ब्रेक असता तर ‘खोट्या ठरल्या, किंवा कुणीतरी मधेच निघालं’ असं म्हणावं लागलं असतं. वकिलाला ‘किंवा’ चालत नाही.

इकडे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं, आणि तिथे ही सगळी भांडणं शेलच्या अंगणात आली. केन थॉम्पसन यांच्या 1971 च्या पहिल्या शेलमध्ये गो टू होतं, पण कसं? ती शेलची आज्ञाच नव्हती, एक वेगळा छोटा प्रोग्राम होता. तो स्क्रिप्टच्या फाइलमध्ये खुणेची ओळ शोधायचा आणि वाचनाचं बोट तिथे नेऊन ठेवायचा. बिचाऱ्या शेलला पत्ताही नसायचा की आपण आता दुसरीकडून वाचतोय. डाइक्स्ट्रांना भीती होती तेच, आणि तेही अक्षरशः! 1979 च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचं शेल आलं आणि गो टू गेलं. बॉर्न केंब्रिजमध्ये अल्गोल 68 या भाषेवर काम केलेले, म्हणून त्यांनी त्या भाषेतले उलटे शब्द आणले : इफ मिटायला एफआय, केस मिटायला ‘एसॅक’. लूप मिटायला ओडी हवं होतं, पण ओडी नावाची आज्ञा युनिक्सवर आधीच होती, फाइलमधले आकडे अष्टमान पद्धतीत छापणारी. म्हणून तिथे ‘डन’ आलं. आज शेल शिकताना पोरं विचारतात ना, की सगळं उलटं आणि हेच एक सरळ का, त्याचं उत्तर एवढंच. गंमत अशी की अल्गोल 68 भाषेला 1968 मध्ये जाहीर विरोध नोंदवणाऱ्यांत डाइक्स्ट्रांचीही सही होती.

बॉर्न यांनी ब्रेक मात्र ठेवला, आणि त्याच्यापुढे आकडा द्यायची सोय केली. ब्रेक 2 म्हटलं की दोन लूप ओलांडून बाहेर. याला तोवर गणिताचाही आधार मिळाला होता. एस. राव कोसाराजू यांनी 1974 मध्ये दाखवलं होतं की असे अनेक पातळ्यांचे ब्रेक असले तर गो टू टाळण्यासाठी आठवणीचे जादा चल घुसडावे लागत नाहीत, आणि ब्रेक 2 नं जे साधतं ते सगळं नुसत्या ब्रेकनं साधत नाही. मला विचाराल तर शेलमध्ये ब्रेक हवाच. शेल म्हणजे मजूर अड्डा, तिथे दहा ओळींत काम उरकायचं असतं, आणि ब्रेक उडी मारतो ती बाहेरच्याच दिशेनं, ठरलेल्या जागी. 1968 च्या पत्रातली अट तो पाळतो. पण आकडा मोजायला चुकलात, किंवा मध्ये कुणी आणखी एक लूप घातला, की ब्रेक 2 भलत्याच अंगणात नेऊन सोडतो. आणि माझ्या पाइपची गोष्ट तर सांगितलीच. तिथे कागदावर दिसणारी चौकट आणि चालताना बनणारी चौकट वेगळी, हीच चूक त्या पत्रात सांगितलेली.

1987 मध्ये फ्रँक रुबिन नावाच्या गृहस्थांनी त्याच मासिकात पत्र लिहून जुना मथळा उलटवला : गो टू घातक म्हणणंच घातक. त्यांचं कोडं असं होतं की आकड्यांच्या चौकोनी तक्त्यात सगळी शून्यं असलेली पहिली ओळ शोधायची. लूपच्या आत लूप आला, आणि आतून एकदम बाहेर पडायची वेळ आली. गो टूनं हे छोटं आणि सोपं होतं असा त्यांचा दावा. पत्रांचा पाऊस पडला. डाइक्स्ट्रांनीही उत्तर लिहिलं, त्यात राग कमी आणि उबग जास्त होता. वीस वर्षं झाली तरी साध्या शोधाचा लूप लोकांना नीट लिहिता येत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी आपलं उत्तर मांडलं, गो टूशिवाय. ते वाचून पटतं. आणि तरी कबूल करतो, पहिल्यांदा वाचताना रुबिनचंच मला लवकर कळलं होतं.

तोवर ते अमेरिकेत होते. 1973 पासून बरोज कंपनीसाठी आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावातल्या घरात बसून काम केलं, आणि 1984 मध्ये टेक्सस विद्यापीठात ऑस्टिनला गेले. परीक्षा तोंडी घेत, विद्यार्थ्याला समोर बसवून, कितीही वेळ लागो. कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त लिहिणारा हा माणूस लिहायचा शाईच्या पेनानं, सुबक हस्ताक्षरात. प्रत्येक टिपणावर आद्याक्षरं आणि क्रमांक. झेरॉक्स प्रती मित्रांना पोस्टानं जात, मित्र पुढच्या मित्रांना पाठवत, असं करत 1300 च्या वर टिपणं जगभर फिरली. त्यांतल्या एकात मोजणी एकपासून नव्हे, शून्यापासून का करावी हे थोडक्यात पटवून दिलंय. घरी पियानो, मोझार्टवर जीव. सुट्टीत नवरा-बायको एका फोक्सवॅगन व्हॅनमधून राष्ट्रीय उद्यानं हिंडत, आणि व्हॅनचं नाव ‘टूरिंग मशिन’, ट्युरिंगच्या नावावर केलेली कोटी. इतका कडक माणूस आणि अशी कोटी!

कडक मात्र होतेच. कार्यक्रमांत वक्त्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारत, सहकाऱ्यांच्या आवडत्या भाषांना नावं ठेवत. कित्येकांना ते उद्धट वाटले, आणि त्यातल्या काहींचं म्हणणं चूक नव्हतं. स्वतःच्या कागदी भाषेत त्यांनी जी शिस्त पाळली ती जगानं पाळली नाही. सी, शेल, पायथन, सगळीकडे ब्रेक राहिला. पण एक उलट गोष्टही बघा. पायथनमध्ये लूपला ‘एल्स’ जोडता येतं, आणि ते फक्त ब्रेक न होता लूप संपला तरच चालतं. यादी संपली की नाव सापडलं, याचं उत्तर शेवटी भाषेलाच सांगावं लागलं.

1999 मध्ये डाइक्स्ट्रा निवृत्त झाले. कॅन्सर झाला होता. 2002 च्या सुरुवातीला ते बायकोसह न्यूनेनच्या जुन्या घरी परतले आणि 6 ऑगस्ट 2002 रोजी तिथेच वारले, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांची टिपणं आता टेक्सस विद्यापीठानं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत, हस्ताक्षर जसंच्या तसं.

माझी ती स्क्रिप्ट मी नंतर बदलली. पाइप काढला, फाइल लूपला थेट दिली, आणि ‘चूक सापडली’ असा एक चल ठेवून लूपच्या अटीतच तो तपासला. आधीपेक्षा तीन ओळी जास्त झाल्या. ब्रेक मात्र कुठेच लागला नाही.